रॅकेट घ्यावी हात पाहून, नाव पाहून नव्हे

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक गादीवर येऊन बसले की आधी विचारायचे, "कुणासाठी हवे आणि कशासाठी?" ठाण नंतर उलगडायचे. नवरीचा शालू, मुलांचा शाळेचा गणवेश आणि कारखान्यात रोज घालायचा सदरा यांचे कापड एक नसते. दाम तेच असले तरी काम वेगळे असते. जो दुकानदार हे विचारत नाही तो एकदाच माल विकतो.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मात्र ही रीत फारशी पाळली जात नाही. गिऱ्हाईक म्हणते, "बॅडमिंटनची चांगली रॅकेट दाखवा." दुकानदार विचारतो, "किती रुपयांपर्यंत?" सौदा तिथेच ठरतो. घेणाऱ्याचे वय काय, मनगटात जोर किती, तो एकेरी खेळतो की दुहेरी, खांदा दुखतो का, हे कोणी विचारत नाही. मग यंत्रमागावर पाळी करणारा तरुण पगारातून पैसे साठवून टीव्हीवर पाहिलेल्या एखाद्या मोठ्या खेळाडूची रॅकेट आणतो आणि महिन्याभरात कोपर धरून बसतो. पैसा गेला, खेळही गेला.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण साधे आहे. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांत साखर आणि रक्तदाब घरोघरी पोहोचला आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून का होईना, फजरची नमाज आटोपून हॉलवर जाणारे आता पुष्कळ दिसतात. मुले खेळतात, मुलीही खेळू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जिथे इतके लोक खर्च करतात तिथे माल ओळखता यायला हवा. शिवाय या धंद्यात आपल्या हुन्नरी तरुणांना रोजगार आहे. त्याचा विचार शेवटी करू.

खेळ परका नाही

बॅडमिंटन हा साहेबांचा खेळ समजला जातो, पण त्याची नाळ आपल्या पुण्याशी जुळलेली आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' म्हणूनच ओळखले जाई. पुढे तो विलायतेत गेला आणि ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाऊस' या वाड्याचे नाव त्याला चिकटले. परदेशात जाऊन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे सांगलीचे. 1956 साली त्यांनी क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली. 1980 ते 1987 अशी ओळीने आठ वर्षे राष्ट्रीय विजेते राहिलेले सय्यद मोदी यांनी 1982 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2001 साली ऑल इंग्लंड जिंकणारे गोपीचंद यांना घडवण्यात हैदराबादचे उस्ताद एस. एम. आरिफ यांचा वाटा होता. 2022 साली बँकॉकला भारताने इंडोनेशियाला 3-0 असे हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. त्या संघात आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी होता. तेव्हा हा खेळ आपला म्हणायला हरकत नाही.

पाटीवरचे आकडे वाचायला शिका

चांगल्या रॅकेटच्या दांडीवर किंवा मुठीजवळ बारीक अक्षरांत काही खुणा असतात. '4यू', 'जी5' अशा. बहुतेक लोक त्या वाचतच नाहीत. आम्ही त्या सुताच्या भाषेत सांगतो, म्हणजे आपल्या वाचकांना चटकन कळेल.

सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. 20 चे सूत जाड, 80 चे बारीक. रॅकेटच्या 'यू'चेही तसेच आहे. 2यू म्हणजे 90 ते 94 ग्रॅम, 3यू म्हणजे 85 ते 89, 4यू म्हणजे 80 ते 84 आणि 5यू म्हणजे 75 ते 79 ग्रॅम. आकडा वाढला की वजन उतरले. हे वजन तार न चढवलेल्या रॅकेटचे. तार आणि वरची पट्टी चढली की त्यात काही ग्रॅमची भर पडते. खेळाच्या नियमांत रॅकेटची लांबी 680 आणि रुंदी 230 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे बंधन आहे, पण वजनावर बंधन नाही. म्हणजे वजनाचा निर्णय सर्वस्वी आपल्या हातात आहे.

पाच-दहा ग्रॅमने काय होते, असे वाटेल. पण रॅकेट एका तासात शेकडो वेळा डोक्यावरून फिरवावी लागते. दुकानात हलकी वाटलेली वस्तू दुसऱ्या गेममध्ये जड होते. नव्याने खेळणाऱ्याने, चाळिशी ओलांडलेल्याने आणि मुलामुलींनी 4यू किंवा 5यू घ्यावी. दहा वर्षांखालील मुलांना मोठ्यांची रॅकेट देऊच नये. त्यांच्यासाठी आखूड रॅकेट मिळते.

'जी' ही मुठीच्या जाडीची खूण आहे. काही कंपन्यांत आकडा वाढला की मूठ बारीक होते, तर काहींचा हिशेब उलटा असतो. म्हणून आकड्यावर न जाता रॅकेट हातात धरून पाहावी. सैल मुठीत धरली असता बोटांची टोके आणि तळहाताची गादी यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. दोन मापांत मन अडकले तर बारीक मूठ घ्यावी. शिवणकामात मोठे कापड कापून लहान करता येते, लहानाचे मोठे होत नाही. इथे नेमके उलटे आहे: बारीक मुठीवर पट्टी गुंडाळून ती जाड करता येते, जाड मूठ तासता येत नाही. हाताला घाम फार येत असेल तर रबरी पट्टीऐवजी टॉवेलच्या कापडाची सुती पट्टी लावावी. सुताइतका घाम दुसरे काही पीत नाही.

तोल कुठे आहे?

दोन रॅकेटचे वजन अगदी सारखे असूनही एक हातात जड आणि एक हलकी वाटते. ही करामत तोलाची. रॅकेट एका बोटावर आडवी ठेवावी आणि ती कुठे स्थिर राहते ते पाहावे. मुठीच्या बुडापासून त्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे. साधारणपणे 285 मिलिमीटरच्या आत तोल असेल तर डोके हलके, 285 ते 295 च्या दरम्यान असेल तर समतोल आणि 295 च्या पुढे असेल तर डोके जड. इंग्रजीत यांना हेड-लाइट, इव्हन बॅलन्स आणि हेड-हेवी म्हणतात आणि दुकानातही हेच शब्द चालतात.

हातोड्याचे उदाहरण घ्या. लोखंड टोकाला असते म्हणून घाव बसतो. हेड-हेवी रॅकेटने स्मॅशला तसाच जोर मिळतो. पण तोच हातोडा झटपट इकडून तिकडे फिरवता येत नाही. समोरून वेगाने आलेले फूल परतवायला हलक्या डोक्याची रॅकेट लवकर पुढे येते.

चौथी गोष्ट दांडीची, म्हणजे शाफ्टची. ती कडक, मध्यम आणि लवचीक अशा तीन प्रकारांत मिळते. लवचीक दांडी मागे वाकते आणि परत येताना फुलाला ढकलते, म्हणून हात धिमा असला तरी फूल मागच्या रेषेपर्यंत जाते. कडक दांडीला वाकवायला हाताची गती लागते. गती असेल तर ती फूल अचूक जागी टाकते, नसेल तर सगळा झटका कोपरात आणि खांद्यात जिरतो. टीव्हीवरच्या खेळाडूंच्या बहुतेक रॅकेट कडक दांडीच्या असतात. त्यांचे मनगट वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले असते. आपले मनगट गज धरून तयार झालेले आहे. फरक ओळखावा.

आपला खेळ ओळखा

आता खेळाच्या रीतीप्रमाणे निवड पाहू.

मागच्या रेषेवरून उडी मारून स्मॅश करणारा, जोरावर भिस्त ठेवणारा खेळाडू असेल तर हेड-हेवी, 4यू, मध्यम दांडी. वर्ष-दोन वर्षे नियमित खेळ झाला आणि हात वेगाने फिरू लागला की कडक दांडी किंवा 3यू.

दुहेरीत जाळीजवळ उभा राहणारा, समोरचा स्मॅश परतवणारा, चपळाईवर खेळणारा असेल तर हेड-लाइट किंवा समतोल, 4यू किंवा 5यू. दुहेरीत विचार करायला वेळच मिळत नाही, तिथे रॅकेट लवकर उठणे महत्त्वाचे. आपल्याकडे हॉलवर एका कोर्टावर चौघे खेळतात, म्हणजे बहुतेक सगळे दुहेरीच खेळतात. तरी विकत घेताना एकेरीच्या विजेत्याची रॅकेट मागतात. हा विरोधाभास आम्ही नेहमी पाहतो.

थोडे मारायचे, थोडे अडवायचे, थोडे ड्रॉप टाकायचे, असा मिश्र खेळ असेल तर समतोल, 4यू, मध्यम दांडी. ज्याला आपला खेळ अजून कळलेला नाही त्यानेही हीच घ्यावी. पहिल्या रॅकेटसाठी यापेक्षा सुरक्षित सौदा नाही.

पन्नाशीच्या आसपासच्या, तब्येतीसाठी खेळणाऱ्या व्यापारी बंधूंनी 5यू, समतोल, लवचीक किंवा मध्यम दांडी घ्यावी. खांदा पूर्वी दुखलेला असेल तर जड डोक्याच्या रॅकेटकडे पाहूही नये. आपण प्रकृतीसाठी खेळतो आहोत, हे ध्यानात असू द्यावे.

ज्यांचा खेळ इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतसारखा मनगटाचा आहे, ते भाग्यवान. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकचा हा सुवर्णपदक विजेता बॅकहँडने असा स्मॅश मारत असे की इतरांना तो फोरहँडनेही जमू नये. पण ते कसब त्याच्या हातात होते. त्याची रॅकेट विकत मिळते, त्याचे मनगट मिळत नाही.

तार म्हणजे ताणा-बाणा

रॅकेटवर हजारो रुपये खर्च करणारे लोक तारेच्या बाबतीत 'जी असेल ती घाला' म्हणतात, याचे आम्हाला नवल वाटते. फुलाला लागते ती तार. फ्रेम केवळ तिला धरून ठेवते.

तार चढवण्याला आपल्याकडे 'गटिंग' म्हणतात. 'गट' म्हणजे आतडे. पूर्वी रॅकेटला जनावराच्या आतड्याची तात लावत. आमच्या पिंजारी बांधवांच्या धनुकलीलाही तीच तात असे. तात ढिली असली तर कापूस फुटत नाही आणि गरजेपेक्षा जास्त ताणली तर तुटते, हे पिंजाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता तात गेली, नायलॉन आले. कित्येक बारीक तंतू एकत्र वळून वर लेप दिलेली ही तार असते. उभ्या साधारण 22 तारा आणि त्यांतून एक वर एक खाली अशा गुंफलेल्या एकवीस-बावीस आडव्या. हा ताणा-बाणा पाहून कुठलाही विणकर ओळखील की ही सादी वीण आहे.

तारेची जाडी साधारण 0.61 ते 0.70 मिलिमीटर असते. बारीक तार फूल जोरात फेकते, आवाजही छान देते, पण लवकर तुटते. 0.70 ची तार टिकते. आठवड्यातून दोन-तीन दिवस खेळणाऱ्याने जाडच घ्यावी.

ताण पौंडात मोजतात. नवशिक्याला आणि वयस्कराला 20 ते 22 पौंड, म्हणजे 9 ते 10 किलो, पुरेसे. नियमित खेळणाऱ्याला 23 ते 25. त्यापुढचा ताण तयार खेळाडूंसाठी. लोकांचा समज असा की तार जितकी घट्ट तितका फटका जोरदार. वस्तुस्थिती उलट आहे. ढिली तार चादरीसारखी झोका देऊन फूल उडवते. घट्ट तारेत फूल नेमके जाते, पण जोर आपला लावावा लागतो आणि फूल मधोमध लागले नाही तर हात झिणझिणतो. प्रत्येक फ्रेमवर जास्तीत जास्त किती ताण सोसेल ते छापलेले असते. त्यापुढे ताणून फ्रेमला तडा गेला तर कंपनी जबाबदारी घेत नाही.

एक तार तुटली तर बाकीच्या तारा ताबडतोब कापून काढाव्यात, मधून सुरुवात करून. एकीकडे ताण आणि एकीकडे ढील राहिली तर फ्रेम वाकडी होते. मागावर एका बाजूचा ताणा सैल सुटला तर कापडाचे काय होते, ते आठवावे. रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या झिजल्या की बदलून घ्याव्यात, नाहीतर फ्रेमची धार नवी तारही कापते.

खरा माल, खोटा माल

स्वस्तातल्या, दोन रॅकेट आणि एक पिशवी अशा जोडीत मिळणाऱ्या रॅकेट बहुधा पोलादी दांडीच्या असतात. अंगणात मुलांनी खेळायला ठीक. हॉलवर नियमित खेळायचे तर पूर्ण ग्राफाइटची घ्यावी. हजार-दीड हजारांच्या आसपास कामचलाऊ ग्राफाइट मिळते आणि पहिली दोन वर्षे त्यापुढे जाण्याची गरज नसते. उरलेले पैसे फुलांवर आणि चांगल्या बुटांवर खर्च करावेत. गुडघे बुटांनी वाचतात.

ग्राफाइट म्हणजे कार्बनचे तंतू राळेत बसवलेले. हे तंतू मुख्यतः ज्या पदार्थापासून करतात तो ॲक्रिलिकच्या शाली-स्वेटरच्या सुताचाच भाऊबंद आहे. म्हणजे रॅकेटही एका अर्थाने आमच्याच बाजारातली चीज. आणि आमच्या बाजारात जशी नकली जर असली म्हणून खपवतात, तशी इथेही मोठ्या कंपन्यांच्या नावाने नकली रॅकेटची रेलचेल आहे. रंग फासलेला, अक्षरे तिरकी, क्रमांक नाही किंवा दोन रॅकेटवर एकच क्रमांक, भाव निम्म्याहून कमी आणि बिल मागितले की टाळाटाळ. ही लक्षणे दिसली की उठून यावे. पक्के बिल आणि अधिकृत विक्रेता, एवढे दोनच उपाय खात्रीचे.

दुकानदार बंधूंना इथे एक गोष्ट अदबीने सांगावीशी वाटते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे आपण (स.) त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकलेली आहे. ती फक्त धान्याची नाही. बारा वर्षांच्या मुलाला कडक दांडीची जड रॅकेट 'हीच बेस्ट' म्हणून देणे, हीसुद्धा राशीतली ओल आहे. नफा आज होतो, बरकत जाते.

हुन्नर असेल तर रोजगार

आता कारागिरांविषयी. गावोगाव हॉल झाले, पण गटिंग नीट करणारे हात कमी आहेत. तारेचे 200 मीटरचे रीळ घेतले तर एका रॅकेटला 10 मीटर या हिशेबाने वीस रॅकेट होतात. एकेक पाकीट घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते आणि मजुरी वेगळी मिळते. सुरुवातीला वजनावर चालणारे साधे यंत्र पुरते. गाठ मारणे, तार न पिळता ओढणे, सारखा ताण राखणे, हे ज्याने मागावर सांधणी-जोडणी केली आहे त्याला शिकायला वेळ लागणार नाही. खेळाच्या दुकानात एका कोपऱ्यात बसूनही हे काम होते आणि घरी बसून भगिनींनाही करता येते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती पौंड घातले याची वही ठेवणारा कारागीर गिऱ्हाईक कधी गमावत नाही.

पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातील उलुबेडिया भागात पिसांची फुले हाताने बनवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एका फुलाला 16 पिसे, वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. इतक्या बारकाईचे काम आपल्या देशातले कारागीर करत आले आहेत. नायलॉनच्या आणि परदेशी फुलांनी त्यांच्यापुढे मोठे आव्हान उभे केले.

असे आव्हान प्रत्येक धंद्यावर येते. जपानच्या योनेक्स कंपनीची हकिकत या बाबतीत ऐकण्याजोगी आहे. 1946 साली ती मासेमारीच्या जाळ्यांसाठी लाकडी तरंगे बनवत होती. प्लॅस्टिकचे तरंगे आले आणि तो धंदा बसला. लाकूड कोरणारे तेच हात 1957 पासून बॅडमिंटनच्या लाकडी रॅकेट करू लागले. पुढे लाकूडही गेले, ॲल्युमिनियम आले, मग ग्राफाइट आले. दर वेळी त्यांनी माल बदलला, हात बेकार बसू दिले नाहीत. तोरे ही कार्बन तंतूंची मोठी कंपनीदेखील 1926 साली रेयॉनच्या धाग्यासाठी निघाली होती. मागाच्या मंदीने हताश झालेल्या आपल्या बांधवांनी या दोन उदाहरणांवर विचार करावा.

थोडक्यात सांगायचे तर दुकानात जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: मी किती दिवस खेळतो, एकेरी की दुहेरी, जोरावर की चपळाईवर, आणि हाताला-खांद्याला काही त्रास आहे का. यांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याला विक्रेता सहसा फसवू शकत नाही. शक्य असेल तर हॉलवरच्या मित्राची रॅकेट मागून दोन दिवस खेळून पाहावे. कापडाचा पोत बोटांना कळतो, तसा रॅकेटचा तोल मनगटाला कळतो. त्याचे ऐकावे. मोठ्या नावाची रॅकेट भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा साध्या रॅकेटने रोज घाम गाळणारा माणूस फायद्यात राहतो. अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो आणि रोजीत बरकत देवो.